लाबानाचें उत्तर

उत्पत्तीच्या २९ व्या अध्यायांत याकोबानें आपलें मन लाबानापाशीं कसें उघड केलें तें पाहा. कोणती मुलगी व किती वर्षांची चाकरी, दोन्ही गोष्टी त्यानें स्पष्ट सांगितल्या : धाकटी राहेल, आणि ७ वर्षें. लाबान काय म्हणाला? परक्यास देण्यापेक्षां तुला दिलेली बरी, तूं माझ्याजवळ राहा, एवढेंच. या उत्तरांत राहेलीचें नांव नाहीं, मुदतीचा उल्लेख नाहीं, ‘होय’ हा शब्दही नाहीं. याकोबानें तें होयच समजून ७ वर्षें मेंढरें राखिलीं, आणि लग्नाच्या रात्रीं त्याच्याकडे लेआ पाठविण्यांत आली. (ज्यानें दृष्टि मंद झालेल्या पित्यास फसविलें त्याच्याच वांट्यास हें आलें, तो विषय निराळा.)

असलें उत्तर आमच्या मंडळ्यांत आजही ऐकूं येतें. पुण्यामुंबईस नोकरीवर असलेला तरुण गांवाकडील मुलीशीं मोबाइलवर रोज बोलतो, तिच्या सुखदुःखाची चौकशी करितो, आणि लग्नाचा विषय निघतांच “बघूं” म्हणतो. अशीं दोन वर्षें जातात. तेवढ्यांत आलेलीं स्थळें ती परत लाविते. पुढें कोणी जाब विचारला तर तो म्हणतो, “मीं वचन कोठें दिलें होतें?” दिलें नव्हतें, खरें, पण ती थांबली आहे हें त्यास ठाऊक होतें, आणि तिच्या थांबण्यांत त्याची सोय होती. मुलीही कधीं कधीं नकार देववत नाहीं म्हणून गप्प राहतात, व समोरचा त्यास संमति समजतो. प्रीति करणें हें पाप आहे असें आम्ही म्हणत नाहीं. याकोबास तीं वर्षें थोड्या दिवसांसारखीं वाटलीं असें शास्त्रच सांगतें.

या सर्वांत अधिक सोसलें तें लेआनें. तिचें मन कोणी विचारल्याचा उल्लेखच नाहीं. रऊबेन, शिमोन व लेवी या पुत्रांस नांवें ठेवितांना ती काय बोलली तें वाचा. तिन्ही वेळां तिच्या तोंडीं नवऱ्याच्या न मिळालेल्या प्रीतीचेंच दुःख आहे.

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणें पाळकाकडे लेखी सूचना द्यावी लागते, आणि दाखला मिळण्यापूर्वीं वधूवरांपैकीं एकानें स्वतः येऊन नात्याचा अगर कायद्याचा अडथळा नाहीं असें प्रतिज्ञेवर सांगावें लागतें. मनांतील अडथळा त्या कागदावर येत नाहीं. म्हणून उपदेशक बंधूंनो, सूचना जाहीर होण्यापूर्वीं दोघांस निरनिराळें विचारा. मामामावशींच्या देखत मुलीस विचारल्यास ती मान हालवील, याहून अधिक कांहीं नाहीं. पाळकाच्या पत्नीनें तिला एकटीस जवळ बसवून विचारावें, आणि उत्तर नकाराचें आलें तर तें आईबापांस सांगण्याचें काम पाळकानें आपणांवर घ्यावें.

तरुणांनो, मत्तय ५:३७ मधील शिक्षण कचेरींतील शपथेपुरतेंच नाहीं. मन ठरलें नसेल तर ‘माझें ठरलें नाहीं, माझ्यासाठीं थांबूं नकोस’ हेंही सत्यच आहे. तें ऐकून ती रडेल, कदाचित् बोलणें सोडील. तरी नाताळच्या सुटींत गांवीं याल तेव्हां प्रथम तिला व मग तिच्या आईबापांस काय तें सांगा. मोबाइलवर नव्हे, समोर बसून.