मोहाचे फूल आणि शेजाऱ्याचे दार

कामठा हे गोंदिया जिल्ह्यातील एक जुने गाव. एके काळी कामठ्याच्या जमीनदारीचे नाव साऱ्या भंडारा जिल्ह्यात घेतले जाई. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला आणि कामठा नव्या जिल्ह्यात आले. मुलूख भाताचा, उत्तरेला मध्य प्रदेशाचा बालाघाट जिल्हा. या मुलखाला आणखी एक पीक आहे, जे कोणी पेरीत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर मोहाची झाडे पाने टाकतात आणि पहाटेच्या अंधारात फिक्या, मांसल फुलांचा सडा जमिनीवर पडतो. बायका व मुले टोपल्या घेऊन तो वेचतात. फुले वाळवून ठेवली जातात. टंचाईच्या वर्षी ती माणसांचे अन्न होतात; एरवी गोड पदार्थांत पडतात, जनावरांना घातली जातात. त्यांत साखर भरपूर असल्यामुळे ती आंबवून त्यांची दारूही गाळली जाते.

आम्हांला ज्या नैतिक प्रश्नाचा विचार करावयाचा आहे तो या शेवटच्या वाक्यात दडलेला आहे. निसर्गाने दिलेल्या गोडव्यापासून मादक पेय करणाऱ्या माणसाकडे समाजाने कोणत्या नजरेने पाहावे? तो उद्योजक की अपराधी? आणि ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला नावाने ओळखतो, तेथे असे पेय करणाऱ्याने आपल्या शेजाऱ्याचे काय देणे लागते?

मोहाच्या बाबतीत कायद्याने दीर्घकाळ एकच उत्तर दिले. इंग्रजी अमलात अबकारीच्या उत्पन्नासाठी, आणि पुढे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली, मोहफुले साठविणे व वाहून नेणे यांवर निर्बंध होते. ज्या फुलांवर घरातील मीठ-मिरची अवलंबून, त्याच फुलांच्या पोत्यापायी माणूस पोलिसांच्या दारात उभा राही. २०२१ साली राज्य सरकारने हे निर्बंध बऱ्याच अंशी उठविले. म्हणजे कामठ्याच्या परिसरातील वृद्ध स्त्रीने आयुष्यभर जे भीतभीत वेचले, ते तिच्या नातीला उजळ माथ्याने वेचता येईल.

आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावाकडे वळू. तेथे प्रियांका सावे आणि नागेश पै या दांपत्याने चिकूपासून वाइन करण्याचा कारखाना उभारला. बोर्डी-घोलवड-डहाणूचा पट्टा चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध. तेथील चिकूला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. पण चिकू हे मोठे हळवे फळ आहे. झाडावरून उतरविल्यावर ते काही दिवसांतच पिकते, मऊ पडते आणि वाया जाते. बाजार पडला की वाडीवाल्याच्या डोळ्यांदेखत त्याची मेहनत कुजते. या दोघांनी त्या फळाचा रस आंबवून बाटलीत भरला. पुढे अननस, आंबा अशी इतर फळेही त्या वाटेने गेली. जे फळ आठवडाभरही तग धरीत नाही, त्याला वर्षभराचे आयुष्य मिळाले.

वाचकांना हे यशाचे सरळ आख्यान वाटेल. परंतु बोर्डी हे साधे गाव नाही. ते आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजी यांचे गाव. गांधीविचाराने भारलेल्या शिक्षणाची तेथे परंपरा आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ साली ग्राम बाल शिक्षा केंद्र याच गावी सुरू केले आणि अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. सभोवारच्या वारली पाड्यांवर ताडी आणि दारू यांनी काय केले हे या मंडळींनी जवळून पाहिले होते. अशा भूमीत, नवरा-बायको दोघांच्या नावाने, मद्याचा कारखाना उभा राहतो आणि वृत्तपत्रे त्यांचे कौतुक करतात. हे कौतुक चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढेच विचारतो की हेच कौतुक कामठ्याकडच्या मोह गाळणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला का येऊ नये?

यावर तीन उत्तरे दिली जातात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिले, वाइन केवळ आंबविलेली असते, तिच्यात मद्यार्क साधारण बारा टक्क्यांच्या आसपास असतो. मोहाची दारू ऊर्ध्वपातनाने गाळलेली, कितीतरी तीव्र. दुसरे, परवाना असलेल्या कारखान्यात तपासणी होते, तर चोरट्या भट्टीत काय मिसळले जाते ते देवच जाणे. २०१५ साली मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक गरीब माणसे मेली, ती मिथेनॉलमुळे. तिसरे, परवानाधारक कर भरतो.

ही उत्तरे प्रामाणिक आहेत, पण ती आपल्याला नेमके कोठे नेतात ते पाहावे. मोहाचा रसही नुसता आंबविता येतो. काजूच्या बोंडापासून गाळलेली फेणी तीव्रच असते, तरी २००९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ साली गोव्याने तिला वारसा-पेयाचा मान दिला. तपासणी आणि कर हे गुण फळाचे नाहीत, ते उघडेपणाचे आहेत. आणि उघडेपणाची परवानगी कोणाला द्यावयाची हे आपणच ठरवितो. ज्याला अंधारात ढकलले त्याच्यावर अंधारात वावरल्याचा आरोप करणे न्यायाचे नव्हे. २०२२ साली राज्य मंत्रिमंडळाने मोहफुले व काजूबोंडे यांपासूनच्या मद्याला देशीऐवजी विदेशी मद्याचा दर्जा देण्याचे ठरविले. हेतू मूल्यवृद्धीचा असेल, पण शब्दाकडे पाहा. गोंडांच्या देवापुढे पिढ्यान्‌पिढ्या ठेवले गेलेले पेय विदेशी ठरल्याशिवाय आपल्याला प्रतिष्ठेचे वाटत नाही!

या प्रश्नावर आपल्या ख्रिस्ती परंपरेने काय म्हटले आहे? ती सोयीची उत्तरे देत नाही. शास्त्रात द्राक्षमळा लावणारा पहिला मनुष्य म्हणून नोहा येतो, आणि त्याच अध्यायात तो नशेत आपल्या डेऱ्यात उघडा पडतो. देणगी आणि तिचा दुरुपयोग एकाच कथेत. काना येथील लग्नात प्रभू येशू यजमानाची लाज राखण्यासाठी पाण्याचा द्राक्षारस करतात. संत पौल तिमथीला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला देतो, आणि तोच पौल मद्यपानाच्या अतिरेकाविरुद्ध कडक शब्दांत लिहितो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठवासीयांसाठी नियम घातले, तेव्हा मद्य भिक्षूंसाठी नाहीच असे सांगूनही, आजच्या भिक्षूंना ते पटविता येत नाही म्हणून त्याने रोजचे एक माप ठरवून दिले. त्या मापात आम्हांला मोठे शहाणपण दिसते. मनुष्यस्वभाव कसा आहे हे ओळखून त्याने मर्यादा आखली, आणि ती आखताना दुबळ्या व आजारी बंधूंचा विचार केला.

आणखी एक गोष्ट. धर्मसभेच्या नियमानुसार ख्रिस्तयागाचा द्राक्षारस द्राक्षांचाच, शुद्ध व न बिघडलेला असावा लागतो. तेव्हा वेदीपुढे चिकूची वाइन आणि मोहाचे पेय यांची पत सारखीच आहे: दोन्ही वेदीबाहेरची. एकाला पवित्र आणि दुसऱ्याला पतित म्हणण्याचा आधार आपल्याला वेदीवरून मिळणार नाही. तो शोधावयाचा असेल तर शेजाऱ्याच्या दारात शोधावा लागेल.

म्हणून आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. मोठ्या कारखान्याचा मालक आपले पेय कोण पितो हे जाणत नाही. त्याचा ग्राहक दूरच्या शहरात असतो; तेथे एखाद्या घरात महिन्याचा पगार बाटलीत गेला, एखादी स्त्री रात्री मार खाऊन बसली, तर त्याचा आवाज मालकाच्या बंगल्यापर्यंत येत नाही. हे अंतरच त्याची निरागसता आहे. एकजीव गावात ही निरागसता कोणाला परवडत नाही. तेथे पिणारा आपल्याच आळीतला असतो. त्याची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात, त्याची बायको आपल्या विहिरीवर येते. मोह गाळणाऱ्या स्त्रीला आपल्या दारूची किंमत कोणी मोजली हे नावानिशी ठाऊक असते. तिला गाव नावे ठेवते ते म्हणूनच. पण तिच्यापाशी जे ज्ञान आहे ते नामांकित कंपन्यांच्या संचालकांपाशी नाही, आणि नैतिक जबाबदारीची सुरुवात या ज्ञानापासूनच होते.

गावाने या जबाबदारीचे एक साधन घडविले आहे. महाराष्ट्रात गावातील स्त्रिया मागणी करून दारूच्या दुकानासाठी मतदान घडवू शकतात. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात, आणि आडवी बाटली जिंकली की दुकान बंद होते. गडचिरोलीत स्त्रियांच्या आणि आदिवासींच्या रेट्यामुळे १९९३ साली जिल्हाभर दारूबंदी आली. चंद्रपुरात २०१५ साली ती आली आणि २०२१ साली उठविली गेली. या चढउतारांतून एक गोष्ट स्पष्ट होते: ज्या स्त्रिया किंमत मोजतात त्यांनी बोलण्याचा हक्क मागितला. मात्र त्यांना विचारले जाते ते विक्रीबद्दल. निर्मितीबद्दल त्यांना कोणी विचारीत नाही.

येथे बोर्डीच्या दांपत्याचे उदाहरण आम्हांला वेगळ्या कारणासाठी मोलाचे वाटते. मद्याच्या उद्योगात स्त्री बहुधा दोन जागी दिसते: वेचणारी म्हणून किंवा सोसणारी म्हणून. काय करावयाचे, किती करावयाचे, कोणाला विकावयाचे हे ठरविणाऱ्या जागी ती क्वचितच असते. जेथे नवरा-बायको दोघे मिळून कारखाना स्थापितात, तेथे निदान शक्यता तरी निर्माण होते की सोसणाऱ्यांची बाजू जाणणारा आवाज निर्णयाच्या मेजावर असेल. ती शक्यता खरी करणे हे त्या दोघांच्या हाती. विवाह हा आपण संस्कार मानतो. तेव्हा दोघांनी मिळून केलेल्या धंद्यालाही दोघांच्या सदसद्विवेकाची साक्ष लागते.

आता कल्पना करू की कामठ्याच्या परिसरातील एखादे जोडपे मोहापासून वाइन करण्याचा कारखाना काढू इच्छिते. भांडवल जमले, परवानाही मिळाला. आम्ही त्यांना काय सांगू? आशीर्वाद देऊ की शाप? आमच्या मते तीन गोष्टींचा जाब त्यांनी आधी स्वतःलाच द्यावा.

पहिली, वेचणाऱ्याचा वाटा. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर जगणाऱ्यांचा गौण वनोपजावरील मालकी हक्क मान्य केला आहे. बाटली शहरात मोठ्या किमतीला विकली जाणार असेल आणि फूल पहाटे वेचणाऱ्या बाईला किलोमागे पूर्वीचाच भाव मिळणार असेल, तर तो कारखाना चोरट्या भट्टीपेक्षा सुसंस्कृत दिसेल, न्यायी असणार नाही. दुसरी, गावाची संमती. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला. डहाणू तालुका त्या क्षेत्रात मोडतो, कामठा मोडत नाही. पण कायद्याने भाग पाडले नाही म्हणून ग्रामसभेपुढे, विशेषतः स्त्रियांपुढे, जाऊ नये असे थोडेच आहे? जो शेजाऱ्याला विचारण्यास कचरतो त्याला उत्तर बहुधा आधीच ठाऊक असते. तिसरी, माप. आपल्याच गावातील दुबळ्याला आपण किती विकणार, आणि कोठे हात आखडता घेणार? धंद्याचे गणित सांगते की जो सर्वांत जास्त पितो तो सर्वांत चांगला ग्राहक. शेजारधर्म सांगतो की त्याच्याच दारात थांबावे. या दोहोंतून निवड करावी लागते, आणि ती एकदा करून भागत नाही, रोज करावी लागते.

कोणी म्हणेल, एवढा जाब द्यावयाचा तर धंदा उभाच राहणार नाही. असेलही. पण मग तो प्रश्न सर्वांनाच विचारावा. नाशिकच्या द्राक्षबागांना, बोर्डीच्या चिकूला, मुंबईच्या उंची दुकानांना, आणि नाताळात घरोघरी वाइन मुरवणाऱ्या आपल्या समाजालाही. आपल्या घरच्या बरणीला आपण परंपरा म्हणतो आणि आदिवासीच्या मडक्याला व्यसन म्हणतो. या दोन शब्दांमधील अंतर मद्यार्काने मोजता येत नाही. कदाचित मडक्याने उद्ध्वस्त केलेली घरे अधिक असतील. तर मग बरणीवाल्याने त्या घरांची आठवण ठेवून पेला अर्धा भरावा, आणि मडकेवाल्याला उजेडात येण्याचा मार्ग मोकळा करून द्यावा. दोघांना एकच माप लावल्यावरच आपल्याला कोणाचा न्याय करण्याचा अधिकार पोहोचतो.

मोहाचे फूल रात्री गळते आणि दिवस उजाडण्यापूर्वी वेचले जाते. त्याचा गोडवा ही देणगी आहे याविषयी आम्हांला शंका नाही. त्या गोडव्याचे काय करावे हे ठरविण्याचा पहिला अधिकार आजवर वेचणाऱ्या हाताला आणि सोसणाऱ्या घराला मिळाला नाही. तो त्यांना मिळेल तेव्हा कामठ्यात कारखाना निघेल की आडवी बाटली जिंकेल, हे आम्ही सांगू शकत नाही. पण जो निर्णय होईल तो शेजाऱ्याच्या दारात उभे राहून, त्याच्या डोळ्यांत पाहून झालेला असेल. आणि तसा झालेला निर्णय, कोणताही असो, आपण आदराने स्वीकारावा असे आम्हांला वाटते.