ताट की अंथरूण?

माउली हो, आईबरोबर कीर्तनाला आलेला पंधरा वर्षांचा पोरगा पहिल्याच अभंगाला डुलू लागला. आई म्हणाली, "महाराज, सारखा खातो, अंग सुटत चाललंय. ताट तोडू का?"

"निजतो केव्हा?"

"मोबाईल बघत एक वाजतो."

अहो, मग ताटाला बोल कशाला? या वयाला ८ ते १० तास झोप लागते. ती रोज तुटली की भूक चाळवते, तृप्ती लवकर होत नाही, मन गोडाकडे धावते. सारे लठ्ठपण झोपेचेच असे नव्हे. पण गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहार व निद्रा एकत्रच सांगितली आहे.

"मग एकादशीचा जागर?" त्या रात्री पोटही उपाशी असते! (साबुदाण्याचे डोंगर उपसणारे वगळून.) अन् तो जागर रोजचा नव्हे.

दहाला दिवा मालवा. आधी वडिलांचा मोबाईल फडताळात.