आवाज कोणाचा?

लोकसहभाग सुलभ होणे आणि तो सखोल होणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. २०२० साली केंद्र सरकारने पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेचा मसुदा प्रसिद्ध केला, तेव्हा ई-मेलद्वारे लाखो हरकती दाखल झाल्या. टाळेबंदीच्या वर्षातील ही लोकजागृती क्षुल्लक नव्हे. तथापि पुष्कळ पत्रांचा मजकूर आयता होता. आणि मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीत होता. आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत त्याचे भाषांतर करावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी द्यावा लागला. ज्याच्या शेताच्या जागी खाण होणार, त्यालाच मसुदा वाचता येत नसेल, तर इतरांनी पाठविलेल्या सहस्र पत्रांना लोकसहभाग म्हणावे काय? २०१३ मध्ये ओडिशातील नियमगिरीच्या १२ ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. तेथे माणसे मोजकी होती. परंतु प्रत्येक नकारामागे त्याच डोंगरावर जगणारा माणूस उभा होता. नवे माध्यम आवाज दूरवर पोचवते. तो कोणाचा, हा प्रश्न नीतीचा आहे. म्हणून दूरस्थ सहृदयाचे पहिले कर्तव्य त्या माणसाच्या वतीने बोलणे हे नसून, त्याला त्याच्या भाषेत बोलता येईल अशी जागा मागणे हे आहे.