यात साखर नाही, फादर!



पावसाळा सरताना मी गृहभेटींना निघालो होतो. आपल्याच धर्मग्रामातील एका घरी प्रार्थना झाली, विचारपूस झाली आणि घरच्या बाईंनी एक डबा पुढे केला. त्यांच्या परवानगीने हे लिहितो आहे, नाव मात्र लिहीत नाही. डब्यात गडद तपकिरी रंगाच्या चौकोनी वड्या होत्या. पुण्याला शिकणाऱ्या मुलीने फोनवरून कृती सांगितली होती. ओट्स थोडे भाजायचे, निम्मे मिक्सरमधून काढायचे, त्यात भिजवलेला खजूर, गूळ, कोको पावडर, शेंगदाण्याचे कूट आणि जवस घालायचे, थापायचे आणि भाजायचे. घरात ओव्हन नाही. बाईंनी कुकरची शिट्टी आणि रबर काढले, तळाशी मीठ पसरले, त्यावर ताटली ठेवून मंद आचेवर वड्या भाजल्या. मुलगी त्यांना 'ओट बार' म्हणते.

"खाऊन पहा ना जी फादर," बाई म्हणाल्या, "यात साखर नाही!"

हे वाक्य त्या घरात का बोलले जाते ते मला माहीत होते. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांना शुगर निघाली. माझीही कथा फार वेगळी नाही. गेल्या वर्षी रक्ततपासणीचा कागद हातात देताना डॉक्टर म्हणाले, "फादर, काठावर आहात." घरोघरी भेटी द्यायच्या म्हणजे घरोघरी चहा आणि बशीत काहीतरी गोड. नाही म्हटले तर माणसे दुखावतात, हो म्हटले तर डॉक्टर. त्यामुळे 'यात साखर नाही' हे शब्द मला फार गोड लागले. दोन वड्या तिथेच खाल्ल्या. उरलेल्या काही बाईंनी कागदात बांधून दिल्या, त्यातल्या दोन रात्री जेवणानंतर खाल्ल्या. मनाला टोचणी नव्हती. पौष्टिक होते ना!

दुसऱ्या दिवशी मात्र मी बाईंना कृतीतले प्रमाण विचारले आणि कागदावर हिशेब मांडला. ओट्स २०० ग्रॅम, गूळ १६० ग्रॅम आणि एकूण वड्या १६. म्हणजे एका वडीत १० ग्रॅम गूळ. मी चार खाल्ल्या, म्हणजे ४० ग्रॅम गूळ झाला. खजूर यात धरलेलाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत ठेवली तर अधिक चांगले. साधारण मोठ्या माणसाला हे पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. मधही यातच मोजतात. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा बहुतेक भाग साखरच असतो. रक्त गुळाचा रंग पाहत नाही.

मग ओट्सचा फायदा खोटा का? मुळीच नाही. ओट्समध्ये बीटा-ग्लुकन नावाचा तंतू असतो. तो पोटात बुळबुळीत होतो, साखर रक्तात हळू जाऊ देतो, आणि दिवसाला ३ ग्रॅम मिळाला तर कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत करतो. पण ३ ग्रॅम मिळायला सुमारे ७५ ग्रॅम ओट्स लागतात. आपल्या एका वडीत ओट्स साडेबारा ग्रॅम. म्हणजे तो फायदा पुरता घ्यायचा तर सहा वड्या खायच्या आणि सहा वड्यांबरोबर ६० ग्रॅम गूळ पोटात घालायचा! हिशेब इथे येऊन थांबला आणि मीही थांबलो.

हा कागद घेऊन मी पुन्हा त्या घरी गेलो. तेव्हा कळले की यजमान बिनसाखरेचा चहा पितात, आणि त्याच्याबरोबर सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन वड्या खातात. साखर का उतरत नाही, याचे कोडे घरात कोणालाच उलगडत नव्हते. बाईंनी कागद पाहिला, थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "मग मी यांना इतके दिवस काय देत होते, फादर?"

बंधुभगिनींनो, हा प्रश्न स्वयंपाकघरातला दिसतो, पण तो नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे. हेतू चांगला असला की कृती चांगली ठरते का? बाईंच्या मनात प्रेमाशिवाय काही नव्हते. एक तास उभे राहून, आच सांभाळून त्यांनी त्या वड्या केल्या. जे माहीत नव्हते आणि माहीत असण्याचे काही कारणही नव्हते, त्याचा दोष त्यांच्या माथी येत नाही. हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. पण याला दुसरी बाजूही आहे. ज्याच्यावर प्रेम करतो त्याच्या भल्याविषयी जाणून घेणे हासुद्धा प्रेमाचाच भाग आहे. आणि एकदा कळल्यावर 'मला माहीत नव्हते' ही सबब उरत नाही. खरे सांगायचे तर या प्रकरणात दोष कोणाचा असेल तर तो माझा. त्यांना कळत नव्हते. मला मात्र अर्धवट कळत होते, आणि मी विचारले नाही, कारण उत्तर नको होते.

या अर्धवट कळण्याविषयी संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात एक मार्मिक गोष्ट लिहून ठेवली आहे. उपवासाची चर्चा करताना ते औषधी चाटणाचा विषय काढतात. आपल्याकडच्या च्यवनप्राशासारखे, गोड करून घोटलेले ते औषध असे. ते घेतल्याने उपवास मोडतो का? संत थॉमस म्हणतात, मोडत नाही, कारण ते पोट भरायला नव्हे तर पचनासाठी घेतात. पण लगेच ते एक अट घालतात. कोणी लबाडीने तेच चाटण अन्नासारखे भरपूर खाल्ले तर गोष्ट वेगळी. वस्तू तीच, पण औषधाच्या नावाखाली जेवण चालले आहे.

पुढे सतराव्या शतकात हाच वाद चॉकलेटवरून रंगला. मेक्सिकोकडून स्पेनमध्ये आलेले चॉकलेट तेव्हा खात नसत, पीत असत. ते उपवासाला चालते की नाही यावर आन्तोनिओ दे लेओन पिनेलो यांनी १६३६ साली माद्रिदमध्ये अख्खा ग्रंथ छापला. १६६४ साली कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी चॉकलेट हे पेय आहे आणि पेयाने उपवास मोडत नाही, असे मत मांडले. सेमिनरीत हे वाचताना आम्ही हसलो होतो. आता हसू येत नाही. चॉकलेटला 'पेय' म्हणून उपवासात बसवणारे ते आणि चॉकलेटच्या वडीला 'पौष्टिक' म्हणून पथ्यात बसवणारे आपण, यांत फरक किती?

नावाचा हा खेळ बाजारातही चालतो. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून पेये काढून टाकायला सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात अशी व्याख्याच नाही. पाकिटावर पुढे काय लिहिले आहे ते सोडा, मागे पहा. घटकपदार्थ जास्त वजनाकडून कमी वजनाकडे लिहिलेले असतात. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर ती मिठाईच आहे, मग चित्र धान्याच्या कणसाचे का असेना.

'अधिक पौष्टिक' या शब्दांपुढे एक प्रश्न नेहमी विचारावा: कशापेक्षा? क्रीमच्या बिस्किटापेक्षा आपली वडी नक्कीच बरी. ज्वारीच्या भाकरीपेक्षा नाही. तुलनेचा दुसरा पाय लपवला की अर्धसत्य तयार होते. आणि दूरच्या ओट्सचे कौतुक करताना कापूस-सोयाबीनच्या मागे लागून आपल्या विदर्भाच्या शेतातून किती ज्वारी गेली, तेही जरा आठवावे. तिच्यातही भरपूर तंतू आहेत आणि तिला पुण्याहून फोन करावा लागत नाही.

कोणी म्हणेल, फादर, आता गोडही हिशेबाने खायचे का? आनंद म्हणून काही आहे की नाही? आहे. प्रभू येशू काना गावच्या लग्नात जेवायला बसला होता आणि लोकांनी त्याला खादाड म्हणून नावेही ठेवली होती. नीतिसूत्रांच्या पुस्तकातही मध सापडला तर तो खाऊ नये असे सांगितलेले नाही, पुरेल इतकाच खावा असे सांगितले आहे. ख्रिस्तसभा आरोग्याला देवाची देणगी मानते, पण शरीराचीच पूजा मांडू नका असेही बजावते. गोड खाणे हे पाप नव्हे. गोडाला औषध म्हणून अन्नासारखे खाणे ही स्वतःची फसवणूक आहे, आणि स्वतःला फसवायची सवय ताटापुरती राहत नाही.

आपल्या मराठीत यासाठी तीन सरळ शब्द आहेत. जेवण पोटभर असते. औषध मोजून असते. आणि तिसरा शब्द आहे खाऊ. खाऊ कोणीतरी आपल्या हाताने देतो, तो थोडा असतो, सगळ्यांत वाटला जातो आणि संपला की संपला. खाऊ रोजचा नसतो, म्हणून तर त्याचा आनंद. ती वडी जेवण नव्हे, औषध नव्हे, ती खाऊ आहे. तिला तिचे खरे नाव दिले की प्रमाण आपोआप ठरते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत आपल्या देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण असल्याचा अंदाज होता आणि माझ्यासारखे काठावरचे सुमारे साडेतेरा कोटी. त्यांतली काही घरे आपल्या चर्चच्या बाकांवर बसतात. ज्यांना शुगर आहे त्यांनी काय आणि किती खावे ते डॉक्टरांना विचारावे, आणि आपल्या मनाने गोळी बंद करू नये.

त्या बाईंनी वड्या करणे सोडले नाही. गूळ निम्मा केला, ओट्सच्या जोडीला ज्वारीच्या लाह्यांचे पीठ घेतले. त्यात चिकटपणा नसल्याने वड्या सुरुवातीला भुगा झाल्या, मग एक पिकलेले केळे कुस्करून घातले तेव्हा जमल्या. आता त्या १६ ऐवजी २४ कापतात. यजमानांना काय चालेल ते डॉक्टरांना विचारले. आता त्यांना रविवारी मिस्साहून आल्यावर एक मिळते, बाकी शेजारच्या मुलांत वाटतात. मागच्या आठवड्यात मी गेलो तेव्हा डबा पुन्हा पुढे आला.

"साखर आहे बरं का यात, फादर," त्या म्हणाल्या. "एकच घ्या."

मी एकच घेतली.

आपला,
धर्मगुरू, पांढरकवडा