घशाचं माप

स्वस्थ बसा. पाठ टेकू द्या, खांदे सैल सोडा. नेरडीगोंडा मनासमोर आणा. निर्मलहून आदिलाबादकडे जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, त्यावरचे ट्रक आणि आत रानाच्या अंगाला कडम नदीवरचा कुंतालाचा धबधबा. उंची सुमारे ४५ मीटर. पावसाळ्यात तो दिसायच्या आधी ऐकू येतो, आणि त्यातही आधी पोचते ती घरघर. पाण्याची सळसळ जवळ गेल्यावरच कळते. बारीक आवाज हवेत आणि पानांत लवकर विरतो, खर्ज झाडांना, टेकडीला वळसा घालून पुढे येतो. तो खर्ज मनात धरा.

माणसाला हा खर्ज फार जुन्या काळापासून हवा आहे. याच मुलखात दिवाळीच्या सुमारास गोंडांची दंडारी निघते, मोरपिसांचे मुकुट घालून गुसाडी नाचतात. सोबत ढोल असतो, सनईच्या जातीचं पेप्रे असतं, तुतारीच्या घराण्यातलं कालिकोम असतं. आता वरातीत आणि गणपतीत प्लायवूडच्या काळ्या पेट्या आल्या. त्यांतल्या कर्ण्याच्या बेस पेट्यांपाशी एक प्रश्न हमखास निघतो: पंधरा इंचीच्या पेटीत अठरा इंची स्पीकर बसवला तर बेस वाढेल ना? उत्तराची घाई नको. प्रश्न जवळ ठेवा.

उजवा हात उचला. तळवा सपाट धरून हवेत हळूच हलवा. हवा लागते का? जवळजवळ नाही. हात जड, हवा हलकी. हाताची ताकद तिला देताच येत नाही, ती बाजूने निसटते. उघड्या स्पीकरच्या कोनाचं, म्हणजे त्याच्या हलत्या शंकूचं, हेच दुखणं आहे. अॅम्प्लिफायर शंभर वॅट देतो, त्यातले अगदी थोडे आवाज होतात, बाकी सगळे कॉइल तापवतात.

आता दोन्ही हात तोंडाभोवती धरून सावकाश ‘ओ’ म्हणा. जोर तेवढाच, पण आवाज पुढे गेला. निसटणाऱ्या हवेला वाट मिळाली. कर्णा म्हणजे हीच वाट, शिस्तीत रुंदावत गेलेली. अरुंद टोकाला हवा कोनाला नीट विरोध करते, म्हणून कोन थोडाच हलूनही पुष्कळ काम करतो. रुंद टोकाला तोच दाब पसरून मोकळ्या हवेत मिसळतो. तुतारी याच नियमावर वाजते.

एक श्वास घ्या, आणि पेटीच्या घशाशी या. घसा म्हणजे कर्ण्याचं अरुंद टोक. १५ इंची स्पीकरच्या हलत्या कोनाचं क्षेत्रफळ सुमारे ८५० चौरस सेंटिमीटर. घसा ४२५ चा असेल तर कोन त्याच्या दुप्पट. आता त्याच जागी १८ इंची बसवा. कोन १२०० च्या आसपास, घसा तोच. प्रमाण २.८ च्या वर गेलं. प्रत्येक ठोक्याला जास्त हवा त्याच फटीतून रेटली जाते आणि तिचा दाब उलटून कोनावर येतो. कागदी कोन आधी वाकतो, मग कडेला तडकतो.

तिथेच थांबा. आता कोनाच्या मागे पाहा. मागच्या बंद खोलीतली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि तिचा ताठपणा कोनाच्या क्षेत्रफळाच्या वर्गाने वाढतो. पंधराच्या जागी अठरा म्हणजे स्प्रिंग जवळजवळ दुप्पट ताठ. त्यात मोठा मॅग्नेट खोलीतली जागा खातो. कोनही सहसा जड होतो, त्यामुळे ठोक्याची धार जाते आणि नुसता घुमारा उरतो. आणलं मोठं, मिळालं बोथट.

आता पेटीच्या तोंडाशी या. सगळ्यात सावकाश इथे पाहायचं आहे. ५० हर्ट्झची लाट सुमारे ७ मीटर लांब असते. तिला मोकळ्या हवेत नीट सोडायचं तर कर्ण्याच्या तोंडाचा घेर तिच्याएवढा हवा, म्हणजे व्यास सव्वादोन मीटर. इतकी पेटी कोण उचलणार? पण पेटी जमिनीवर ठेवली की जमीन अर्धं काम करते. पाठीशी भिंत मिळाली तर पुन्हा अर्धं. पॉल क्लिप्श या अभियंत्यांनी १९४० च्या दशकात खोलीचा कोपराच आपल्या कर्ण्याचा भाग केला. त्यांच्या क्लिप्शहॉर्नमध्ये आजही बेसला १५ इंचीच स्पीकर असतो. चार पेट्या एकमेकींना चिकटवल्या तर त्यांची तोंडं मिळून एक मोठं तोंड होतं. खोल बेस असा येतो.

या तोंडाच्या आवाक्याखालचा सूर दिला तर कर्णा कोनाला धरत नाही. कोन मोकाट हलतो आणि कॉइल मागे आपटते. म्हणून खालचे सूर फिल्टरने कापायलाच हवेत, स्पीकर कितीही इंची असो.

मग मोठा स्पीकर वाईट का? नाही. अठराचा घसा, अठराची मागची खोली आणि त्याला शोभेल असं तोंड धरून बांधलेली पेटी उत्तम वाजते. स्पीकरचे स्वभाव आकड्यांत मांडायची रीत थील आणि स्मॉल या अभियंत्यांनी घालून दिली. डॉन कील यांनी १९७७ मध्ये ते आकडे बेसच्या कर्ण्याला लावून दाखवले. तेव्हापासून हे अंदाजाचं काम राहिलेलं नाही. कर्ण्याला हलका, कडक कोन आणि जोरदार मॅग्नेट लागतो. इंच त्यानंतर.

आता तो प्रश्न पुन्हा समोर घ्या. कोन, घसा, मागची खोली आणि तोंड ही चार मापं एकमेकांना धरून असतात. एकच वाढवलं की बाकीची तीन मोडतात.

म्हणून एवढंच सांगणं आहे: अठराचा स्पीकर विकत घेण्याआधी टेप घेऊन पेटीचा घसा मोजा. माप जुळत नसेल तर पैसे दुसऱ्या पेटीवर घाला, आणि दोन्ही पेट्या जमिनीवर शेजारी शेजारी ठेवा.