नेमोचा राग कुणी कापला?

ज्यूल्स व्हर्नच्या 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी'बद्दल दोन वाचक बोलायला लागले की तिसऱ्या वाक्याला मासे येतात. पाणबुडी झकास, कप्तान नेमो तर काय विचारूच नका, पण त्या माशांच्या याद्या! दुसरी तक्रार अशी की नेमो एवढा कुणावर खवळलाय ते शेवटपर्यंत कळत नाही. तिसरी, अख्ख्या पुस्तकात बाई नाही. आहे ती भिंतीवरच्या तसबिरीत. आणि कौतुक मात्र एकच, ठरलेलं: काय दूरदृष्टी, पाणबुडीचं भाकीत केलं!

तिसऱ्या तक्रारीवर माझ्याकडे उत्तर नाही, ती खरीच आहे. कौतुकाचं मात्र जरा तपासून घ्यावं. नेमोच्या पाणबुडीचं नाव 'नॉटिलस'. रॉबर्ट फुल्टननं फ्रान्समध्ये त्याच नावाची पाणबुडी बांधली होती, ती १८०० साली. दाबलेल्या हवेवर चालणारी फ्रेंच नौदलाची 'प्लाँजर' १८६३ मध्ये पाण्यात उतरली. व्हर्नची कादंबरी मासिकातून क्रमशः येऊ लागली ती १८६९ मध्ये. म्हणजे पाणबुडी त्यानं शोधली नाही. त्याची झेप वेगळी आहे. शहरांत गॅसचे दिवे होते तेव्हा त्यानं ७० मीटर लांबीचं जहाज विजेवर चालवलं, आणि त्या विजेसाठी लागणारं सोडियम समुद्राच्याच पाण्यातून काढलं. याच व्हर्ननं नेमोला जहाजानं थेट दक्षिण ध्रुवाजवळ नेऊन तिथे काळा झेंडाही रोवून घेतला. ध्रुव खंडाच्या आत, बर्फाच्या प्रचंड थरावर आहे, तिथे जहाज पोचत नाही. भाकितांचे गुण द्यायचे तर इथे कापावे लागतील. कथाकाराला ज्योतिषाच्या परीक्षेला बसवलं की हे असं होतं.

आता मासे. शाळेत असताना ती पानं मीही भराभर उलटली होती. पुढे पूर्ण पुस्तक हाती आलं तेव्हा लक्षात आलं, की सगळी गंमत तिथेच आहे. प्राध्यापक अरोनाक्सचा नोकर कॉन्सील कुठल्याही जिवाचा वर्ग, गण, कुल घडाघडा सांगतो. पण समोर मासा ठेवला तर ओळखत नाही. हार्पून फेकणारा नेड लँड मासा लांबून ओळखतो, पण त्याच्या लेखी मासे दोनच जातींचे: खायचे आणि न खायचे. (कोकणातल्या वाचकाला हे वर्गीकरण समजावून सांगावं लागत नाही.) दोघं मिळून एक निसर्गशास्त्रज्ञ होतो. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे अरोनाक्स नेमोच्या पाणबुडीत कैदी आहे. नेडला पहिल्या दिवसापासून पळायचंय. अरोनाक्सला नाही, कारण काचेपलीकडे मासे आहेत. त्या याद्या म्हणजे त्याच्या पायातली बेडी. त्या गाळल्या की हा शहाणा माणूस पळून का जात नाही, असा प्रश्न वाचकाला पडतो, आणि मग तो व्हर्नला दोष देतो.

नेमोच्या रागाची गोष्ट याहून गुंतागुंतीची. व्हर्नच्या मनात नेमो पोलिश होता. १८६३ च्या पोलंडमधल्या उठावात रशियनांनी ज्याचं घरदार उद्ध्वस्त केलं, असा सरदार. प्रकाशक पिएर-ज्यूल हेत्झेल यांना ते मानवेना. पुस्तकं रशियातही खपत होती. शत्रू गुलामांचे व्यापारी करा, असं त्यांनी सुचवलं. व्हर्ननं ऐकलं नाही. शेवटी तडजोड अशी निघाली की नेमो जी युद्धनौका बुडवतो ती कोणत्या देशाची, हे सांगायचंच नाही. 'नॉटिलस'वर पोलिश स्वातंत्र्यवीर कोशियुश्कोची तसबीर तेवढी राहिली. म्हणजे वाचक ज्याला लेखकाचा ढिसाळपणा म्हणतो, तो प्रकाशकाचा हिशेब आहे. आपण पुस्तकाबद्दल मत देतो असं समजतो. पुष्कळदा ते मत कात्रीबद्दल असतं.

कात्री तिथे थांबली नाही. १८७२ च्या सुमारास लुईस पेज मर्सियर या पाद्र्यानं केलेल्या इंग्रजी अनुवादात जवळजवळ पाव पुस्तक गायब आहे, आणि जे उरलं त्यात पाणबुड्याच्या पोशाखाचं बुचाचं जाकीट झालंय. इंग्रजी वाचकांनी व्हर्नला पोरांचा लेखक ठरवलं, त्यात या अनुवादाचा वाटा मोठा आहे. जगभरच्या कितीतरी संक्षिप्त आवृत्त्यांमागे इंग्रजीच उभी आहे.

१८७४-७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये व्हर्ननं उत्तर दिलं: नेमो म्हणजे बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात लढलेला. तारखा जुळत नाहीत, वाचक हे हटकून दाखवतात, आणि बरोबरच दाखवतात. पण आता दोषी इंग्रज होते, रशिया सुटला. मग याही पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादात इंग्रजांविरुद्धचे शब्द मवाळ झाले. आपल्याकडे नेमो 'आपला' निघाला म्हणून छाती फुगते, तेव्हा एक गोष्ट विसरायला नको. त्याच व्हर्ननं १८८० मध्ये 'द स्टीम हाउस' लिहिलं आणि त्यात आपले नानासाहेब पेशवे खलनायक केले. बुंदेलखंडचा काल्पनिक राजपुत्र सहानुभूतीला पात्र ठरला. बिठूरचा खरा माणूस नाही.

भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला, त्या ऋणात माझीही पिढी आहे. मराठीत संक्षेप करण्यात पाप नाही. पण कापताना मासे जातील की राग, हे ठरवणारा माणूस वाचकाचं मतही ठरवत असतो.

गेल्या सुट्टीत नऊ वर्षांच्या भाचीला पूर्ण पुस्तकातलं थोडं थोडं मराठीत करून सांगत होतो. माशांच्या पानावर मी आवाज उरकता घेतला, तर तिनं थांबवलं. 'सगळी नावं सांग.' सांगितली. मग म्हणाली, 'मामा, नेड चिडलाय कारण त्याला मटण मिळत नाही. नेमो का चिडलाय?' मी पुढची पानं चाळून ती तसबिरींची खोली काढली, आणि आधी पोलंड कुठे आहे ते दाखवायला नकाशा शोधू लागलो.