गिलाव्याची परीक्षा

शास्त्रपाठ : लेवीय 14:33–48, यहेज्केल 13:10–15



नवे घर उभे राहिले म्हणजे घरधन्यास रंगाची घाई होते. परंतु शहाणा गृहस्थ रंगापूर्वीच गिलाव्याची परीक्षा करतो. कारण एकदा रंग चढला की खरे काम व खोटे काम डोळ्यांस सारखेच दिसते.

ही परीक्षा कठीण नाही. ओळंबा सोडावा, म्हणजे भिंत उभी सरळ आहे की कललेली, हे कळते. लांब सरळ पट्टी टेकवावी; तिच्याखालून उजेड दिसला तर तेथे खळगा आहे. कोपऱ्यात गुण्या लावावा. रात्री दिवा भिंतीलगत धरावा, म्हणजे दिवसा न दिसणारे उंचसखल सावलीने उघडे पडते. खिळ्याने हळूच ओरखडा काढावा. वाळू भुरभुर झडली तर माल कच्चा समजावा. शेवटी लहान काठीने जागोजागी ठोकून पाहावे. जेथे आवाज पोकळ येतो, तेथे गिलाव्याने भिंतीस धरलेले नाही.

ही पोकळी कशाने होते? भिंतीवरील धूळ झाडली नाही, विटांचे सांधे खरवडले नाहीत, गुळगुळीत काँक्रीटवर टोचे मारले नाहीत, कोरड्या विटांस आधी पाणी दाखविले नाही. किंवा घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तोच थापला. सारांश, दोष वर दिसतो, पण त्याचे मूळ आत असते.

यहेज्केल संदेष्ट्याच्या काळी काही उपदेशक असेच गवंडी होते. लोकांची भिंत कच्ची असता ते तिजवर चुना फासून सर्व कुशल असल्याचे सांगत. देवाने सांगितले की पाऊस, गारा व वादळ येतील आणि ती भिंत पायापर्यंत उघडी पडेल. उपदेशक बंधूंनो, मंडळीत दोन घरांचे भांडण असता आपण दोघांस एका ओळीत बसवून गीत गावयास लावतो व समेट झाला असे लिहून टाकतो. तेथे कोणी ठोकून पाहिले आहे काय?

परंतु परीक्षा करावयाची ती कोणत्या मनाने, हे लेवीयाच्या पुस्तकातून शिकावे. भिंतीस चट्टा दिसला तर याजक आत जाण्यापूर्वी घर रिकामे करविले जाई, यासाठी की घरातील वस्तू अशुद्ध ठरून कुटुंबाची हानी होऊ नये. तो पहिल्याच दिवशी निकाल देत नसे. घर सात दिवस बंद ठेवी व मग पुन्हा पाही. चट्टा पसरला असेल तर तेवढेच दगड काढून टाकावयाचे, आतून भिंती खरवडावयाच्या, नवे दगड बसवून नवा गिलावा करावयाचा. एवढे करूनही चट्टा परत आला, तरच घर पाडावयाचे. न्यायात किती ही दया! पोकळ तेवढे विटेपर्यंत काढणे, हाच आजच्या चांगल्या गवंड्याचाही नियम आहे. वरून लिंपणे ही दया नव्हे, आणि एका पोपड्यासाठी घर पाडणे हा न्याय नव्हे.

घरधन्यास आणखी एक शब्द. दोष असेल तर तो गवंड्यास दाखवून नीट करून घ्या. पण दोषाचे निमित्त करून त्याची मजुरी बुडवू नका. अडकविलेल्या मजुरीची आरोळी प्रभूच्या कानी जाते, असे याकोब सांगतो (5:4). शिवाय ताज्या गिलाव्यास निदान सात दिवस पाणी मारणे बहुधा घरच्याच माणसांकडे असते. ते आपण चुकविले, तर पडलेल्या भेगांचा दोष गवंड्याचा कसा?

नाशिकजवळील एकलहरे गाव तेथील औष्णिक विद्युत केंद्रामुळे प्रसिद्ध आहे. तेथे वीज निर्माण होणे 1970 साली सुरू झाले. अशा केंद्रांत दगडी कोळसा जळून जी बारीक राख निघते, ती आज विटांत व सिमेंटात घालतात. ही राख स्वतः चिकटत नाही. चुना व पाणी ह्यांच्या संगतीत ती सावकाश घट्ट होते. म्हणून अशा सिमेंटच्या गिलाव्यास पाणी अधिक दिवस द्यावे लागते. घाई करणाऱ्याच्या हाती तिची भुकटी येते, धीर धरणाऱ्याच्या हाती भिंत.

तद्वत् प्रियहो, जगाने राख म्हणून टाकलेल्या मनुष्यांसही प्रभू आपल्या घराच्या भिंतीत घेतो. म्हणून नव्या विश्वासणाऱ्याचा एक ओरखडा पाहून त्यास कच्चा ठरवू नका. त्यास पाणी द्या व दिवस द्या. आणि इतरांच्या भिंती ठोकण्यापूर्वी आज रात्री दिवा आपल्या भिंतीलगत धरा. जेथे पोकळ आवाज येईल, ती जागा प्रभूस दाखवा. तो ती उघडी करील, आणि भरूनही काढील. आमेन.